वीस नंबरची फाईल

तिसऱ्या संध्याकाळी श्रीकर म्हणाला, आपल्याकडे जनरेटर आहे ना.
आहे. शेडमध्ये, फावड्यांच्या मागे,
अकरा वर्षं एका विटक्या चादरीखाली बसलाय,
रुसलेल्या जावयासारखा.

मेनमधल्या या गावात पाऊस आला
आणि पडता पडताच त्याची काच झाली,
फांद्यांवर, तारांवर, टपालपेटीच्या झाकणावर.
मग रात्रभर झाडं मोडत राहिली,
कुणी अंधारात बसून बोटं मोडावीत तशी.

आमचं तसं निभलं असतं.
लाकडाची शेगडी आहे, तांदूळ आहेत,
आणि दोघांत बोलायला फारसं काही नाही.
पण समोरच्या लोरेन पेल्कीचं ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालतं.
तिच्या शेवटच्या सिलिंडरचा काटा तांबड्यात शिरला होता,
ॲम्ब्युलन्स पडलेल्या झाडांपलीकडे अडकलेली,
आणि ती फोनवर, दर चार शब्दांनी दम खात,
मलाच विचारत होती, तुम्ही ठीक आहात ना?

श्रीकरनं माहितीपुस्तिका काढली. तो काही फेकत नाही.
प्लास्टिकच्या पिशवीत, पावतीसकट.
कपाळाला टॉर्च बांधून वाचायला लागला,
पोथी वाचावी तसा. अध्याय पहिला, तेल.
मी फिल्टर उघडला. आत उंदरानं संसार थाटलेला:
आमच्याच गादीचा कापूस, सूर्यफुलाची टरफलं.
टाकीतलं पेट्रोल काकवीच्या रंगाचं,
वास जुन्या वार्निशचा.
ते उपसलं, ताजं भरलं, दोरी ओढली.
तीस वेळा, मोजून.
साधा खोकलासुद्धा नाही.
‘अध्याय चौथा,’ श्रीकर म्हणाला. ‘कार्बोरेटर. अधिकृत केंद्रात न्यावा.’

उघडला मीच.
वाटीत हिरवट कीट, आणि मधोमध जेट,
पितळेचा एवढासा मणी,
त्यातलं भोक असेलच असं धरून चालायचं.
बंद.
मी तो टॉर्चसमोर धरला आणि मला हसूच आलं.
एकतीस वर्षं मी दुसरं केलंय काय?
वर जाऊन निवृत्तीच्या दिवशी आणलेली पेटी उघडली,
वीस नंबरची फाईल घेतली, पिवळ्या मुठीची,
आणि शेडमध्ये गुडघ्यांवर बसून, भूल न देता,
एका इंजिनाचं रूट कॅनाल केलं.
पाव फेरा आत. मागे ओढायचं. पुसायचं.
घाई केली की फाईल तुटून आत राहते.
‘दुखलं तर हात वर करा,’ सवयीनं तोंडातून गेलं.
श्रीकर पुस्तिकेतच बघत राहिला.
मग मण्यातून उजेड आला,
टाचणीच्या टोकाएवढा.

नातीच्या स्लेजवर घालून रस्ता ओलांडला,
दोघं साठीपलीकडले, एक दोर, पायाखाली काच.
धूर आत जाऊ नये म्हणून खिडकीपासून लांब,
मोडक्या सफरचंदाच्या झाडापाशी ठेवला.
चोक. दोरी. काही नाही.
सांगलीत वडील रोज सकाळी स्कूटर तिरकी करायचे,
तिला काहीतरी गुपित विचारल्यासारखी, आणि मग किक.
मी जनरेटर तिरका केला.
‘हे पुस्तिकेत नाही,’ श्रीकर म्हणाला.
दोरी.

तो शिंकला, थांबला,
आणि मग असा काही गरजला
की फांदीवरची काच खळकन आमच्या टोप्यांवर आली.

आत यंत्राचा हिरवा दिवा लागला.
लोरेननं नळी नाकाशी नीट केली,
बराच वेळ नुसता श्वास घेतला,
माझ्या काळ्या, पेट्रोलनं वास मारणाऱ्या हातांकडे बघितलं.
‘वरची डावी दाढ तुम्हीच काढली होतीत माझी,’ म्हणाली.
‘दुखलं होतं हं.’

बाहेर आले. रस्त्यापलीकडे आमचं घर काळंकुट्ट.
श्रीकर पावतीच्या पाठीवर लिहीत होता:
सुरू, नऊ वाजून दहा. पुढचं पेट्रोल एकला.
मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.
आवाज एवढा होता
की बोलायची सोयच नव्हती.